अळमी थांबेल, आधी जनुकशास्त्र शीक

"मॅडम, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वय २६. गोवा विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केली. डिझर्टेशनला रोयण अळमी, म्हणजे वारुळावर उगवणारी खाण्याची रानछत्री, घेतली होती. गेली दोन वर्षं वेर्ण्याला एका औषध कंपनीच्या क्यूसी मायक्रोबायोलॉजीत (गुणवत्ता तपासणीच्या सूक्ष्मजीव विभागात) आहे. मला बुरशीच्या जनुकशास्त्रात पीएचडी करायची आहे, आणि तीही अळमीवरच. पण जाहिरातींत 'फंगल जेनेटिक्स' हा शब्दच कुठे दिसत नाही. आई म्हणते, बी.एड. कर आणि सरकारी शाळेत लाग. बाबांचं कुळागर (सुपारीची बाग) आहे, ते काही बोलत नाहीत. घरी स्थळं बघायलाही सुरुवात झाली आहे. या क्षेत्रात खरंच नोकऱ्या आहेत का? त्यांची बातमी कुठे लागते? गोव्यात राहून हे जमेल का? आणि मला उशीर तर झाला नाही ना?"

— एक वाचक, सत्तरी

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप उडवणारा प्रश्न तोच असणार. उशीर झालेला नाही. एम.एस्सी.नंतर दोन-तीन वर्षं नोकरी करून संशोधनाला आलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि लॅबमध्ये ती लवकर रुळतात. रोजची नोंद रोज करायची, बिघडलेली प्लेट लपवायची नाही, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. मात्र फेलोशिपना वयाची अट असते. तेव्हा 'बघू, करू' म्हणत आणखी तीन-चार वर्षं जाऊ देऊ नकोस.

आता नोकऱ्यांचं. आपल्याकडे 'फंगल जेनेटिक्स' अशी पाटी लावलेले विभाग जवळजवळ नाहीत. काम मात्र आहे, फक्त ते दुसऱ्या नावांनी चालतं. भातावरच्या करप्याचा अभ्यास करणारी लॅब स्वतःला 'प्लांट पॅथॉलॉजी' म्हणवते. रुग्णालयातल्या कॅन्डिडावर, म्हणजे रुग्णांना संसर्ग करणाऱ्या यीस्टवर, काम करणारी 'इन्फेक्शन बायोलॉजी' म्हणवते. यीस्टमधलं गुणसूत्र कसं विभागलं जातं हे पाहणारी 'सेल बायोलॉजी'त मोडते. हैदराबादच्या सीडीएफडी या संशोधन संस्थेत रुपिंदर कौर यांचा गट कॅन्डिडा ग्लाब्राटावर काम करतो. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात कौस्तुव सन्याल यांनी कॅन्डिडा आणि क्रिप्टोकॉकस या बुरशींच्या गुणसूत्रांवर वर्षानुवर्षं काम केलं. हैदराबादच्याच सीसीएमबी या संस्थेत दुर्गादास कसबेकरांनी न्यूरोस्पोरा या बुरशीवर अस्सल जनुकशास्त्र केलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, चंदीगडला इमटेक ही सूक्ष्मजीव संशोधन संस्था आणि पीजीआय हे रुग्णालय आहे. या जागांच्या जाहिराती तुझ्या नजरेखालून गेल्याही असतील, पण तू शोधत होतीस तो शब्द त्यांत नव्हता. यापुढे शोधताना बुरशीचं नाव घाल, रोगाचं नाव घाल, 'अँटिफंगल रेझिस्टन्स' घाल. लगेच फरक दिसेल.

आणि हे क्षेत्र सध्या वाढतं आहे, हेही आईला सांग. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत पोचला. देशात ४०,००० हून जास्त रुग्ण नोंदले गेले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला धोकादायक असलेल्या १९ बुरशींची पहिली अग्रक्रम यादी काढली. जिवाणूंची अशी यादी २०१७ सालीच आली होती, बुरशींकडे लक्ष जायला त्यानंतर पाच वर्षं लागली. बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या जातकुळीची, त्यामुळे तिला मारणारं पण आपल्याला न बाधणारं औषध सापडणं अवघड. अशी औषधं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच प्रकारची आहेत आणि त्यांनाही प्रतिकार वाढतो आहे.

हा प्रतिकार कसा येतो त्याचं एक उदाहरण देते, म्हणजे जनुकशास्त्र या सगळ्यात नेमकं कुठे बसतं ते तुला दिसेल. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस ही कंपोस्टात, पालापाचोळ्यात सगळीकडे असणारी बुरशी. फुप्फुसात तिचा संसर्ग झाला तर अ‍ॅझोल गटातली औषधं देतात. ही औषधं बुरशीच्या ज्या एन्झाइमवर बसतात, त्याचं जनुक सीवायपी५१ए. काही प्रतिकारक स्ट्रेनमध्ये, म्हणजे वाणांमध्ये, या जनुकाच्या अलीकडे, म्हणजे ते किती बोलायचं हे ठरवणाऱ्या भागात, ३४ अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलेला असतो आणि प्रथिनात ९८व्या जागी ल्युसिनऐवजी हिस्टिडिन असतं. एका बदलाने एन्झाइम जास्त बनतं, दुसऱ्याने औषध नीट चिकटत नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी असे स्ट्रेन २०१२ साली भारतातल्या रुग्णांत आणि मातीतही दाखवले. मातीत कसे? कारण याच गटातली औषधं आपण शेतातही फवारतो. म्हणजे शेतातली फवारणी आणि अतिदक्षता विभागातला रुग्ण यांचं नातं एका जनुकात वाचता येतं. ते वाचणारी माणसं आपल्या देशात फार कमी आहेत, आणि मला तुझं पत्र महत्त्वाचं वाटलं ते यामुळेच.

आता एक गोष्ट तुला आवडणार नाही, तरी सांगते. पीएचडीला अळमी घेऊ नकोस.

अळमीवरची तुझी माया मला कळते. पावसाळ्यात वाळपईच्या बाजारात पानांच्या पुड्यांतून ती येते तेव्हा भाव न विचारता घेणारी माणसं आपणच. डॉ. नंदकुमार कामत यांनी गोव्यातल्या टर्मिटोमायसिसवर, म्हणजे अळमीवरच, केलेलं काम तू डिझर्टेशनसाठी वाचलं असशीलच. पण जनुकशास्त्र म्हणजे पिढ्यांचा हिशेब. दोन पालकांचा संकर करायचा, संतती मिळवायची, कोणता गुण कुणाकडून आला ते मोजायचं. अळमीच्या बाबतीत घोडं इथेच अडतं. तिचं कवकजाल (बुरशीच्या धाग्यांचं जाळं) प्लेटवर वाढतं, तेही सावकाश, पण छत्री धरायला तिला वारुळातली जिवंत वाळवी लागते. छत्री नाही तर बीजाणू नाहीत, आणि बीजाणू नाहीत तर पुढची पिढी नाही. तीन-चार पावसाळे असे गेले की फेलोशिप संपते आणि हातात उरते ती नुसती आयटीएस सिक्वेन्सची, म्हणजे बुरशीची ओळख पटवणाऱ्या डीएनए तुकड्यांची, यादी. अळमी ओळखायला ती यादी पुरे, पण तिला जनुकशास्त्र म्हणता येत नाही.

याउलट न्यूरोस्पोरा बघ. जळलेल्या काडावर, टाकून दिलेल्या मक्याच्या कणसावर नारिंगी पूड दिसते, ती बहुधा हीच. कवकजाल तासाला काही मिलिमीटर पुढे सरकतं, आज दुपारी लावलं तर उद्या सकाळी प्लेट भरलेली असते. संकराची संतती दोन-तीन आठवड्यांत हाती येते. जॉर्ज बीडल आणि एडवर्ड टेटम यांनी १९४१ साली याच बुरशीवर एक जनुक एक एन्झाइम हे नातं दाखवलं आणि १९५८ चं नोबेल मिळवलं. तिच्या प्रत्येक बारीक पिशवीत आठ बीजाणू एका ओळीत बसलेले असतात आणि ओळीतला क्रम म्हणजे पेशीविभाजनात काय घडलं त्याची जशीच्या तशी नोंद. काळे आणि फिके बीजाणू देणाऱ्या पालकांचा संकर केलास आणि पिशवीत चार काळे, चार फिके असे सलग दिसले, तर जनुक आणि सेंट्रोमिअर (विभाजनाच्या वेळी गुणसूत्र जिथे धरलं जातं ती जागा) यांच्यामध्ये अदलाबदल झालेली नाही. दोन-दोन असे आलटून पालटून दिसले किंवा मधे चार आणि कडेला दोन-दोन दिसले, तर झाली आहे. शंभर पिशव्यांत अशा वीस निघाल्या तर त्याचे निम्मे, म्हणजे ते जनुक सेंट्रोमिअरपासून १० नकाशा-एककं (गुणसूत्रावरचं अंतर मोजायची एककं) दूर. सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजून जनुकाची जागा सांगता येते! मी कॉलेजात हा धडा शिकवायची तेव्हा एरवी मागच्या बाकावर बसणारी मुलंही पुढे येऊन सूक्ष्मदर्शकाभोवती गर्दी करायची.

न्यूरोस्पोराच घे असं माझं म्हणणं नाही. अ‍ॅस्परजिलस चालेल, यीस्ट चालेल, करप्याची बुरशी चालेल, कॅन्डिडाही चालेल. जिचा जीनोम वाचलेला आहे, जिच्यात जनुक काढता-घालता येतं आणि जिच्यावर काम करणारे दहा गट चुका सांगायला उपलब्ध आहेत, अशी बुरशी घे. तिच्यावर हत्यारं चालवायला शीक. प्रोटोप्लास्ट करणं (पेशीची भित्तिका उतरवणं), जनुक काढून टाकणं, क्रिस्पर हे जनुक नेमकं कापायचं तंत्र, जीनोमची जुळणी, थोडं प्रोग्रॅमिंग. मग स्वतःचा प्रश्न घेऊन अळमीकडे ये. हॉलंडमधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात ड्युर आनन यांनी वाळवी आणि तिची बुरशी यांच्या उत्क्रांतीवर नावाजलेलं काम केलं आहे. म्हणजे जगात या प्रश्नाला गिऱ्हाईक आहे. पण त्या टेबलावर बसायला आधी जनुकशास्त्रज्ञ व्हावं लागेल.

पैशांचं आणि आईचं एकदमच सांगते. राजीनामा आत्ता देऊ नकोस. नोकरीत राहूनच सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा लाइफ सायन्सेसचा पेपर दे, ती परीक्षा वर्षातून दोनदा असते. जोडीला गेट आणि डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची, परीक्षाही दे. जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, सिनिअर झालीस की ४२,०००. स्वतःची फेलोशिप घेऊन आलेल्या मुलीला लॅब निवडता येते, ती नसेल तर लॅबने आपल्याला निवडण्याची वाट पाहावी लागते. आणि नेटच्या ज्या पात्रतेने पीएचडीचा दरवाजा उघडतो, त्याच पात्रतेवर कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरच्या जागेसाठीही अर्ज करता येतो. गोवा लोकसेवा आयोगाची जाहिरात निघाली की तुला घरी बसावं लागणार नाही. आईला बी.एड.मध्ये जी सुरक्षितता दिसते, ती इथेही आहे. हे तिला शांतपणे, कागदावर लिहून दाखव. आई तुझ्या आवडीच्या विरोधात नसावी, तिला फक्त खाली जाळी हवी आहे.

नेटच्या अभ्यासात वर सांगितलेली बीजाणूंची गणितं हमखास येतात. कंपनीच्या बसमध्ये जायचा-यायचा वेळ आहे, तो जनुकशास्त्राच्या गणितांना दे. पाठांतराचे विषय घरी कर.

तुझ्या सध्याच्या कामाला कमी लेखू नकोस. ग्रोथ प्रमोशन टेस्टसाठी (प्लेटमधल्या माध्यमावर जंतू नीट वाढतात ना, या तपासणीसाठी) तू अ‍ॅस्परजिलस ब्राझिलिएन्सिसचा १६४०४ क्रमांकाचा स्ट्रेन आणि कॅन्डिडा अल्बिकन्सचा १०२३१ हाताळतेस. सबुरो डेक्स्ट्रोज अगारच्या प्लेट २० ते २५ अंशांवर ठेवून मोजतेस. पावसाळ्यात सेटल प्लेटवर (हवेतले जंतू टिपायला उघड्या ठेवलेल्या प्लेटवर) बुरशी का वाढते याचा तपास करून अहवाल लिहितेस. स्ट्रेन कितव्या पिढीचा आहे हे लिहून ठेवायचं, मूळ कल्चर वारंवार उघडायचं नाही, ही शिस्त जनुकशास्त्राच्या लॅबमध्ये सोन्याच्या मोलाची. बायोडेटात 'क्यूसीत दोन वर्षं' एवढंच लिहून थांबू नकोस, हे सगळं लिही. शक्य असेल तर एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंगमध्ये मिळालेल्या बुरशींची ओळख पटवायचं काम मागून घे.

गोव्यात राहून जमेल का? पहिली पायरी जमेल, सगळा जिना नाही. ताळगावच्या पठारावर विद्यापीठात बुरशींचा संग्रह आहे. प्रा. डी. जे. भट यांनी पश्चिम घाटातल्या सूक्ष्म बुरशींच्या कितीतरी नव्या प्रजाती तिथून जगापुढे आणल्या. दोनापावल्याला एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता आणि शेषगिरी रघुकुमार यांनी समुद्रातल्या आणि खारफुटीतल्या बुरशींच्या अभ्यासाचा पाया घातला. जुन्या गोव्याला आयसीएआरची किनारी कृषी संशोधन संस्था आहे, झुआरीनगरला बिट्सच्या कॅम्पसवर जीवशास्त्राचा विभाग आहे. या चारही ठिकाणी प्रोजेक्टच्या तात्पुरत्या जागा निघतात. जाहिरात संस्थेच्या वेबसाइटवर येते आणि मुदत बऱ्याचदा दोनेक आठवड्यांचीच असते, म्हणून दर सोमवारी पाहायची सवय लाव. जागा अगदी बुरशीची नसली तरी डीएनए काढणं, पीसीआर, सिक्वेन्सिंग शिकायला मिळणार असेल तर घे. पण अस्सल जनुकशास्त्रासाठी पाच-सहा वर्षं बाहेर राहावं लागेल, पुणे, हैदराबाद, बंगळुरू किंवा त्याहून लांब. याची मनाची तयारी आत्ताच कर.

बाबा काही बोलत नाहीत म्हणतेस. त्यांच्याशी सुपारीच्या कोळेरोगाबद्दल बोल. दर पावसाळ्यात सुपारीच्या घडांवर बोर्डो मिश्रण फवारायला माणूस चढवावा लागतो, तो ज्या फायटोफ्थोरामुळे, ती खरी बुरशी नाहीच. तिची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजच्या जातीची, आणि नात्याने ती तपकिरी शेवाळांच्या जवळची. बुरशीवरची काही औषधं तिच्यावर का चालत नाहीत याचं उत्तर त्यात आहे. तरीही फायटोफ्थोरावाले आणि बुरशीवाले एकाच परिषदांना भेटतात. तुझी पदवी कुळागराच्या कामाची आहे हे बाबांना कळलं, तर ते नक्की बोलतील.

बातमी कुठे लागते, या प्रश्नाचं खरं उत्तर माणसांकडे आहे. हे जग लहान आहे. युरोपातली फंगल जेनेटिक्सची परिषद दर दोन वर्षांनी भरते, २०२५ साली ती डब्लिनला झाली. अमेरिकेतली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असिलोमारला भरते. तिथल्या पोस्टरांपुढे उभं राहून पुढच्या जागा ठरतात. तू इतक्यात तिथे जाणार नाहीस, पण त्या परिषदांचे कार्यक्रम आणि गोषवारे वाच. कोण कशावर काम करतंय, कुणाची नवी लॅब सुरू झाली, हे तिथे आधी कळतं. नव्या लॅबला विद्यार्थी हवेच असतात. जर्मनी, हॉलंडसारख्या देशांत पीएचडी म्हणजे पगारी नोकरी, जागा निघाली की अर्ज करायचा. आपल्याकडे मायकॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचं सदस्यत्व घे आणि वार्षिक परिषदेत तुझं अळमीचं काम पोस्टर म्हणून मांड. अळमीचा उपयोग तिथे होईल, अगदी चांगला होईल.

लॅबप्रमुखांना ईमेल करताना मात्र 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब' असलं काही नको. तशी पत्रं रोज दहा येतात आणि न वाचता जातात. त्यांचा गेल्या दोन वर्षांतला एक पेपर पूर्ण वाच, आकृत्यांसकट. मग तीन छोटे परिच्छेद. पहिल्यात तू कोण आणि हाताने काय काय येतं. दुसऱ्यात त्या पेपरातल्या एका आकृतीबद्दल तुला पडलेला खरा प्रश्न. तिसऱ्यात तुला काय हवं, कधीपासून, आणि फेलोशिपची स्थिती. असं एक पत्र लिहायला आठवडा लागला तरी चालेल. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण कर, मग पुढची लॅब.

एक सावधगिरी. परदेशातल्या कुणी 'अळमीचे नमुने पाठव, पेपरात नाव घालतो' म्हटलं तर पाठवू नकोस. जैवविविधता कायदा २००२ नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय ते करता येत नाही. म्हादई किंवा बोंडल्याच्या अभयारण्यातून गोळा करायलाही वनखात्याची परवानगी लागते, गाव आपला असला तरी.

आणि काळी बाजूही सांगायला हवी. पीएचडीनंतर दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरती संशोधनाची नोकरी, मग कायम जागेची वाट. अशा जागा कमी आहेत आणि हुशार माणसंही वाट पाहत बसलेली मला माहीत आहेत. म्हणून उद्योगाकडे पाठ फिरवू नकोस. इन्सुलिन आणि हिपॅटायटिस-बीची लस यीस्टमध्ये तयार होते, सायट्रिक अ‍ॅसिड अ‍ॅस्परजिलस नायजरमधून येतं, कितीतरी एन्झाइम बुरशींतून काढतात. बंगळुरू, हैदराबाद, पुण्याच्या कंपन्यांना स्ट्रेन सुधारणारी माणसं लागतात. जीएमपी, म्हणजे औषधनिर्मितीचे दर्जानियम, माहीत असलेली आणि जनुकही बदलू शकणारी मुलगी त्यांना सहज सापडत नाही.

स्थळांबद्दल थोडंच बोलते. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांग, की पुढची पाच-सहा वर्षं शिकायची आहेत आणि ती कदाचित गोव्याबाहेर. ज्याला ते मान्य नाही, त्याचा आणि तुझा वेळ वाचेल.

नेटचा पुढचा फॉर्म निघाला की भर. तोवर तीन लॅब निवडून त्यांचे पेपर वाचायला घे. पहिल्या ईमेलचा मसुदा तयार झाला की पाठवायच्या आधी मला दाखव, मी वाचून देईन.